सैल झालेली मूठ

वाचकहो, या वेळचे पत्र जरा लांबून आले आहे. पत्र लिहिणाऱ्या ताईंचे माहेर आपल्याच सीमाभागातले. आई कन्नड बोलणारी, वडील मराठी. सासर मात्र थेट मध्य प्रदेशात, पांढुर्णा जिल्ह्यातल्या सावरगावी. तिकडेही घरात मराठीच बोलतात, पण तिची चाल वऱ्हाडी-नागपुरी, आणि बाहेर पडले की हिंदी. म्हणजे ताईंच्या मुलांच्या कानावर आता तीन भाषा पडतात.

प्रश्न भाषेचा नाही, तलवारीचा आहे. पोळ्याआधी घर आवरताना माळ्यावरच्या लाकडी पेटीत एक तलवार निघाली. सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळेपासून ती घरात आहे एवढेच सगळ्यांना ठाऊक. हातात घेतली तर पाते मुठीत खुळखुळ वाजले आणि मुठीतून काळसर-तपकिरी भुकटी जमिनीवर सांडली. तेव्हापासून घरात चार मते झाली आहेत. सासरे म्हणतात, आहे तशी ठेवा, आता कोण लढाईला जाणार आहे! दीर म्हणतात, दोन नळ्या मिसळून लावायचा तो पक्का डिंक आणतो, एका संध्याकाळचे काम. नणंदेचे यजमान म्हणतात, ही गंजकी मूठ काढून टाका, लग्नात नवरदेवाच्या हाती देतात तसली पितळी चकचकीत मूठ बसवू. आणि माहेरहून आईने फोनवर सांगितले, "कत्ती चांगली असेल तर हिडि बदल, त्यात काय एवढे!" ताई विचारतात, "यातले कोणाचे ऐकू? खंडेनवमीला ती पूजेत मांडायची आहे."

पत्र वाचून वाटले की असा प्रश्न आपल्याकडच्याही कितीतरी घरांत माळ्यावर पडून असेल. पाटलांच्या, देसायांच्या, इनामदारांच्या वाड्यात एखादी तलवार, कट्यार नाहीतर पट्टा असतोच. पात्याचे कौतुक सगळे करतात. मुठीकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि बिघडते ती बहुधा मूठच. म्हणून आजचा लेख फक्त मुठीवर.

मूठ आणि हिडि

आपल्या दोन्ही भाषांनी या वस्तूला किती नेमके नाव दिले आहे पाहा. मराठीत बोटे मिटलेला हात म्हणजे मूठ, त्यात मावेल तेवढे धान्य म्हणजे मूठभर, आणि हत्याराचा धरायचा भाग तोही मूठ. कन्नडातही तसेच. 'हिडि' म्हणजे धर, 'हिडि' म्हणजे मूठभर, आणि हत्याराची मूठही हिडि किंवा हिडिके. हात आणि वस्तू यांना एकच शब्द. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांना मूठ हा हाताचाच पुढचा भाग वाटत असणार.

आता घरातल्या हत्यारांकडे पाहा. खुरपे, विळा, कोयता, सुरी, या सगळ्यांच्या पात्याला मागे एक निमुळती लोखंडी शेपूट असते. लोहार ती लाल तापवतो आणि लाकडाच्या दांड्यात दाबतो. लाकूड जळत जाऊन शेपटीच्या मापाचे भोक पडते आणि शेपूट घट्ट बसते. दांडा उलू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडे घालतात. कुऱ्हाडीचे उलटे. तिथे लोखंडालाच भोक असते आणि दांडा त्यात ठोकून वर पाचर मारतात. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' असे आपण म्हणतो, कन्नडात 'कोडली कावु कुलक्के मृत्यु' म्हणतात. झाडाच्याच लाकडाचा दांडा झाडावर उठतो, ही गोष्ट दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना सारखीच दिसली.

या शेतीच्या हत्यारांचा दांडा मोडला तर आपण दुसरा घालतो. त्यात कोणाला वाईट वाटत नाही, कारण लोखंड टिकणार आणि लाकूड झिजणार हे ठरलेलेच आहे. तलवारीचा न्याय फार वेगळा नाही. फक्त तिची मूठ लाकडाची नसून बहुधा लोखंडाची असते आणि आत एक गंमत दडलेली असते.

पोकळ मूठ

आपल्याकडची नेहमीची तलवार डोळ्यांसमोर आणा. मुठीच्या वरच्या टोकाला एक गोल चकती, मधे हाताला भरेल असा फुगीर भाग, खाली पात्याच्या दोन्ही बाजूंना आडवे आलेले दोन कोंब, आणि पुष्कळदा बोटांच्या पुढून वळून वर गेलेली परज. पात्याच्या दोन्ही अंगांवर जिभेसारखी उतरलेली लोखंडाची दोन छोटी टोकेही दिसतील.

हे सगळे एकसंध ओतलेले वाटते, पण लोखंडी मूठ सहसा तशी नसते. कारागीर मुठीचे दोन अर्धे भाग ठोकून घडवत, शिंपल्यासारखे समोरासमोर ठेवत आणि पितळेच्या झाळाने सांधत. वरची चकती वेगळी करून बसवत. मग कानस मारून सांधा असा काही मिळवून टाकत की आज भिंग लावून पाहिले तर कुठेतरी पितळेची बारीक पिवळी रेघ सापडते. म्हणजे मूठ आतून पोकळ. वजन कमी राहावे आणि पात्याची शेपूट आत जावी, यासाठी.

गंमत पुढेच आहे. पात्याची ही शेपूट आखूड आणि चपटी असते. ती मुठीतून आरपार जाऊन पलीकडे ठोकलेली नसते. बहुतेक तलवारींत खिळाही नसतो. मग लढाईत एवढे घाव घालताना पाते निसटत कसे नसे? त्याचे उत्तर एका शब्दात आहे: लाख. कन्नडात अरगु.

लाखेत किंवा राळेत विटेची बारीक पूड मिसळून वितळवायची आणि उलट्या धरलेल्या पोकळ मुठीत ओतायची. पात्याची शेपूट गरम करायची आणि त्या लगद्यात दाबायची. जास्तीची लाख तोंडातून वर येते, ती पुसून घ्यायची. पाते मुठीच्या रेषेत सरळ आहे ना हे डोळ्याने पाहायचे आणि थंड होऊ द्यायचे. लाख कोपऱ्याकोपऱ्यांत शिरून दगडासारखी घट्ट होते. शेपूट जराशी वेडीवाकडी असली तरी बिघडत नाही, कारण लाख तिच्या आकाराची होते. विटेच्या पुडीने तिला अंग येते, नुसती लाख ठिसूळ पडते. पात्यावर उतरलेल्या त्या दोन जिभा पाते डावी-उजवीकडे हलू देत नाहीत. लाख आतून धरते, जिभा बाहेरून.

पोकळ सोन्याची बोरमाळ ज्यांच्या घरी आहे त्यांना हे लगेच समजेल. त्या पातळ मण्यांतही लाखच भरलेली असते, म्हणून ते दाबले तरी चेपत नाहीत. सोनार, म्हणजे आपला अक्कसालिग, नक्षी काढताना दागिना लाखेवर किंवा राळेवरच बसवतो आणि काम झाले की ऊब देऊन सोडवतो. तलवारीची मूठ बसवणारा आणि बोरमाळ घडवणारा, दोघांची भाजी एकाच चुलीवरची.

मुठी लहान का, हा प्रश्नही पुष्कळ जण विचारतात. वस्तुसंग्रहालयात काचेपुढे उभे राहून 'पूर्वीच्या लोकांचे हात लहान असावेत' असे म्हणणारे भेटतात. हात लहान नव्हते. मूठ हाताला चिकटून बसावी आणि वरच्या चकतीने मनगट आवरून धरावे, अशी ती रचना आहे. त्यामुळे हात ठोकण्यापेक्षा ओढून कापण्याकडे वळतो. आपल्या वाकड्या पात्याला तोच घाव हवा असतो.

पळस, लाख आणि जाम नदी

ही लाख येते कुठून? एका इवल्याशा किड्यापासून. तो पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वसतो, रस पितो आणि अंगाभोवती राळेसारखे कवच करतो. त्या फांद्या तोडून, खरवडून, धुऊन, गाळून लाख करतात. महाभारतातले लाक्षागृह, कन्नडातले 'अरगिन मने', याच मालाचे. पांडवांना जाळायला लाख निवडली ती ती झटकन पेट घेते म्हणून. तलवारीच्या मुठीपुढे दिव्याची उघडी ज्योत का धरू नये, याचे उत्तर त्या कथेतच आहे.

पळसाचे नाव निघाले की सावरगावकरांना दुसरे काही सांगावे लागत नाही. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि तो मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दगड चालतात. हीच ती गोटमार. त्यात दरवर्षी माणसे जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. तो विषय वेगळा आहे. एवढेच लक्षात घ्या की ज्या जातीच्या झाडाभोवती तिथे एवढे रक्त सांडते, त्याच जातीच्या झाडावर पात्याला मुठीशी जोडणारी लाख पिकते.

रघुजींची तलवार

सावरगाव, पांढुर्णा, सौंसर हा मुलूख पूर्वी देवगडच्या गोंड राजांचा आणि पुढे नागपूरकर भोसल्यांचा. पहिले रघुजी भोसले म्हणजे सेनासाहेबसुभा. त्यांच्या स्वाऱ्या पूर्वेला बंगाल-ओडिशापर्यंत आणि दक्षिणेला थेट अर्काट-त्रिचनापल्लीपर्यंत गेल्या. १७५५ साली ते वारले. त्यांच्या नावाची एक तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील.

किंमत आणि मिरवणूक यांच्या गर्दीत तिच्या बनावटीकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. पाते सरळ, एकधारी, युरोपात घडलेले. म्हणून तर अशा तलवारीला फिरंग म्हणतात. पात्याच्या पाठीवर रघुजींचे नाव, त्यांचा किताब आणि 'फिरंग' हा शब्द देवनागरीत सोन्याने घातला आहे. मूठ मात्र आपल्याकडची, मुल्हेरी घाटाची. मुल्हेर म्हणजे नाशिककडचे बागलाणातले गाव. तिच्यावर सोन्याची कोफ्तगिरी आहे. कोफ्तगिरीत लोखंडावर आडव्या-उभ्या बारीक रेघा पाडून पृष्ठभाग खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. धरायच्या जागी हिरवे कापड गुंडाळलेले आहे.

म्हणजे पाते सातासमुद्रापलीकडचे, मूठ दख्खनची, अक्षरे देवनागरी, आणि तलवार नागपूरच्या भोसल्यांची. हे काही नवलाचे नव्हते. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांकडून आलेली चांगली लांब पाती आपल्या सरदारांना आवडत, पण परदेशी मूठ आपल्या हाताला आणि आपल्या घावाला जमत नसे. मग पाते ठेवायचे आणि मूठ आपली करायची. अशा लांब पात्यांना बळकटी यावी म्हणून मुठीच्या लोखंडी पट्ट्या पात्यावर पुढे नेऊन रिबेट मारत. बोटांना टोपलीसारखे कवच करत. काही मुठींना वर एक लांब दांडी काढत, म्हणजे गरज पडली तर दुसरा हातही लावता येई.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यायची. पात्याचे वय आणि मुठीचे वय एक असलेच पाहिजे असे नाही. आजोबांचे पाते, बापाने बसवलेली मूठ, नातवाने बदललेले कापड, असा एकाच तलवारीत तीन पिढ्यांचा हात सापडू शकतो. जुनी तलवार पाहताना 'मूठ मूळची नाही' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी रघुजींची तलवार आठवावी. तिथे पाते आणि मूठ एका देशातलीही नाहीत. आपल्या दोन भाषांच्या घरांना तरी हे परके वाटू नये.

जावा, ब्रह्मदेश आणि कोडगू

लाखेची ही युक्ती एकट्या आपली नाही. ब्रह्मदेशात 'धा' आणि थायलंडात 'दाब' नावाच्या तलवारी असतात. त्यांची मूठ लांब, गोल, बहुधा लाकडाची. आपल्यासारखी परज नाही, बोटांपुढे अडसर जवळजवळ नाहीच. पात्याची शेपूट मुठीपेक्षा बरीच आखूड असते आणि ती आत लाखेने किंवा राळेने बसवलेली असते. वरून चांदीचा पत्रा मढवतात किंवा वेताची विणलेली कडी चढवतात. वेताची ही वीण शोभेची तर आहेच, पण लाकूड उलू लागले तर तीच त्याला आवळून धरते. खुरप्याच्या दांड्यावरचे लोखंडी कडे जे काम करते तेच. वेत सुकून तुटला की नवा ओला वेत विणायचा. सुकताना तो आपोआप आवळतो.

जावा बेटावरच्या क्रिस नावाच्या नागमोडी कट्यारीचा मार्ग निराळा. तिच्या शेपटीवर कापड किंवा दोरा गुंडाळतात आणि लाकडी मूठ नुसती दाबून बसवतात. लाख नाही, खिळा नाही. मालक बदलला तर मूठ काढून आपल्या पसंतीची घालता येते. जावी पंचांगाच्या पहिल्या महिन्यात, सुरो महिन्यात, घरातले क्रिस काढून त्यांना स्नान घालण्याची रीत आहे. खंडेनवमी त्यांच्याकडेही आहे म्हणा, फक्त महिना दुसरा.

जपानी तलवारीत बांबूची एक छोटी खुंटी असते. ती ठोकून काढली की लाकडी मूठ सुटून हातात येते. आपल्याजवळच्या कोडगूत आयुध कत्तीची मूठ लाकडाची नाहीतर शिंगाची. पाते रुंद, पुढे वाकलेले, आणि ते म्यानात न घालता कमरेमागे पितळेच्या आकड्यात अडकवतात. पट्ट्याला तर मूठच नाही म्हटले तरी चालेल. लोखंडी चिलखती बाहीत हात कोपरापर्यंत घालायचा आणि आतली आडवी दांडी धरायची.

इतक्या देशांच्या या रीती ओळीने पाहिल्या की एक समान धागा दिसतो. लाख ऊब दिल्यावर सुटते, कापडाची गुंडाळी ओढल्यावर सुटते, बांबूची खुंटी ठोकल्यावर सुटते, वेत कापून नवा विणता येतो. मूठ पक्की हवीच, पण ती पुन्हा सोडवताही आली पाहिजे, एवढा विचार त्या कारागिरांनी केला होता. हात बदलणार, ऋतू बदलणार, लाकूड सुकणार, हे त्यांना ठाऊक होते.

मूठ सैल का होते, आणि दुरुस्ती कशी

जुनी लाख वर्षानुवर्षांनी ठिसूळ होते. माळ्यावर उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसाळ्यात दमट हवा शिरते. लाखेला बारीक तडे जातात, तड्यांतून ओल आत जाते आणि शेपूट आतल्या आत गंजू लागते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगून उरलीसुरली लाखही फोडतो. ताईंच्या मुठीतून सांडलेली काळसर-तपकिरी भुकटी म्हणजे हीच, जुनी लाख, विटेची पूड आणि गंज. ती झाडून टाकू नये. एका कागदी पुडीत बांधून, वर तारीख घालून ठेवावी. जाणकाराला त्यावरून आत काय भरले होते ते कळते.

पूर्वी हे काम शिकलगाराचे. हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच आहे. तो मूठ हळूहळू उबवून लाख मऊ करी, पाते ओढून काढी, आतली जुनी लाख कोरून काढी, शेपटीचा गंज खरवडी आणि नवी लाख भरून पाते पुन्हा बसवी. आज हे काम वस्तुसंग्रहालयातले संवर्धक करतात. तत्त्व तेच आहे, फक्त ऊब मोजून देतात.

ऊब मोजायची कशासाठी? लाख ८० अंश सेल्सिअसच्या आतच मऊ पडते. पात्याला दिलेले पाणी मात्र त्याहून बऱ्याच वर, साधारण २०० अंशांच्या पुढेमागे उतरू लागते. पोलाद आधी पिवळसर आणि मग ३०० अंशांच्या आसपास निळे पडते, तो हाच प्रकार. म्हणजे लाख सुटावी आणि पाते बिघडू नये यासाठी मधे भरपूर जागा आहे. पण ती जागा सांभाळून काम करणाऱ्यालाच आहे. गॅसच्या शेगडीवर मूठ धरणाऱ्याला ती कळत नाही. लाख पेटते, कोफ्तगिरीची चमक जाते, मुठीलगतचे पाते निळे पडते आणि पाणी उतरते ते परत येत नाही. मूठ हस्तिदंताची, हाडाची, शिंगाची किंवा लाकडाची असेल तर उकळते पाणीही नको, ती उलते.

आता दिरांच्या त्या दोन नळ्यांच्या डिंकाबद्दल. तो पक्का बसतो, यात शंका नाही. पण तेच त्याचे वाईट. लाखेइतक्या उबेला तो सुटत नाही. सोडवायचा तर एवढी आच द्यावी लागते की पात्याला धोका, नाहीतर मूठ कापावी लागते. शिवाय शेपटीवरचा गंज तसाच आत कोंडला जातो. वीस-तीस वर्षांनी पुन्हा मूठ हलली, तर तेव्हाच्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही. पात्यात नवे भोक पाडून स्क्रू मारणे हाही तसलाच मार्ग. ते भोक कधी बुजत नाही.

नवी पितळी मूठ बसवण्याचा सल्ला तर मी मुळीच देणार नाही. जुनी मूठ एकदा वेगळी झाली की ती कुठल्या तरी डब्यात जाते, मग भंगारात जाते. तिच्यावरची झीज, पूर्वीच्या कोणी मारलेला एखादा रिबेट, बोटाच्या जागी गुळगुळीत झालेले लोखंड, हे सगळे घराण्याचे दप्तर आहे. पाते चांगले ठेवून मूठ टाकणे म्हणजे घराचा उतारा ठेवून त्यावरची नावे खोडण्यासारखे.

माहेरच्या आईंचे म्हणणे शेतीच्या हत्याराला अगदी योग्य आहे. खुरप्याची हिडि खुशाल बदलावी. खुरप्याला उद्या शेतात जायचे आहे. या तलवारीला कुठे जायचे नाही, तेव्हा घाई कसली? म्हणून माझे मत सासऱ्यांच्या बाजूने झुकते, पण अर्धेच. आहे तशी ठेवा, हे बरोबर. पण पेटीत तशीच टाकून ठेवली तर गंज आपले काम करत राहील. तलवारीची नीट छायाचित्रे काढा, लांबी मोजून लिहून ठेवा आणि ती जाणत्याला दाखवा. सावरगावकरांना नागपूर जवळचे. तिथला अजब बंगला, म्हणजे १८६३ साली सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, तिथे शस्त्रांचे दालन आहे. तिथे विचारपूस करता येईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तूंच्या संवर्धनाचा स्वतंत्र विभागच आहे. घरीच दुरुस्ती करण्यापेक्षा दोन महिने वाट पाहिलेली बरी. मूठ इतकी वर्षे थांबली आहे, अजून थोडी थांबेल.

खंडेनवमीला काय करावे

खंडेनवमीची, म्हणजे कन्नड घरांतल्या आयुधपूजेची, तयारी करताना काही गोष्टी सगळ्यांनीच पाळाव्यात.

सैल मुठीची तलवार मुठीला धरून उचलू नये. एक हात मुठीखाली, दुसरा जाड कापड घेऊन पात्याखाली, अशी आडवी उचलावी. म्यानातून ओढताना म्यानाच्या धारेकडच्या कडेवर बोटे ठेवू नयेत. जुने लाकूड त्या बाजूनेच उललेले असते आणि धार बाहेर येते. मुलांच्या हाती तर देऊच नये. मूठ हातात आणि पाते पायावर, असे व्हायला क्षण लागत नाही.

चिंच, लिंबू, राख, विटेची पूड यांनी घासू नये. देवाची तांब्या-पितळेची भांडी उजळतात म्हणून पोलादही उजळेल असे नाही. आंबट लागले की बारीक छिद्रांत ओल राहते आणि आठवड्यात नवा गंज धरतो. सोन्याचे काम असेल तर तेही घासून जाते. मऊ कोरड्या सुती कापडाने धूळ पुसावी आणि पात्यावर मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. तेल मुठीच्या सांध्यात मात्र जाऊ देऊ नये. हातात सुती मोजे असले तर उत्तम, कारण घामातले मीठ लोखंडाला लागते.

ओले हळद-कुंकू मुठीच्या नक्षीत भरू नये. शेजारी विड्याचे पान ठेवून त्यावर गंध, अक्षता, फूल वाहावे. झेंडूचा हार थेट पात्यावर न घालता चौरंगाला घालावा. देवीला त्यात काही उणे वाटणार नाही. पूजा झाली की त्याच दिवशी कोरडे पुसून ठेवावे. चामड्याच्या किंवा मखमलीच्या म्यानात कायम घालून ठेवू नये, त्यात ओल धरते. पाते आणि म्यान शेजारी शेजारी, सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंचावर आणि पत्र्याखालच्या माळ्याऐवजी घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवावे.

कायद्याचेही थोडे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती खासगी रीतीने देशाबाहेर नेता किंवा विकता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचा विचार कोणी करत असेल तर आधी चौकशी करावी. तलवार घरात ठेवण्याबद्दल शस्त्र कायद्याचे नियम आपल्या भागात काय आहेत तेही जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे आणि मिरवणुकीत ती बाहेर काढू नये.

आणि एक काम याच दसऱ्याला करण्यासारखे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. ही तलवार कोणी आणली, कधी कोणी दुरुस्त केली, शिकलगार कुठून येत असे, मूठ कोणी बदलली, जे आठवेल ते वहीत उतरवा. आजोबा मराठीत सांगतील, आजी कन्नडात सांगेल, ज्या भाषेत सांगतील त्याच भाषेत लिहा. ती वही तलवारीशेजारीच पूजेत मांडा.